चिमूटभर धूप, एक सही: धर्मछळाच्या इतिहासाचा माझा जुना नाद

जुनी रोजकीर्द (धागाकर्ता)

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहून काढतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य हिशेबतपासनिसाच्या नोकरीत गेलं. पण अकराव्या वर्षी लागलेला एक नाद अजून सुटलेला नाही: धर्मावरून झालेल्या छळाचा इतिहास वाचण्याचा. कुठल्या एका धर्माचा नव्हे. कोणी छळलं, कोणी सोसलं, कोण बघत उभं राहिलं, सगळंच.

सुरुवात एका चित्रानं झाली. गोठलेलं तळं, फुटलेला बर्फ, पाण्यात एक माणूस बुडतोय आणि दुसरा वाकून त्याला दोन्ही हात देतोय. मला वाटलं, मित्र असतील. चित्राखालचा मजकूर मोठ्या माणसाकडून समजून घेतला तेव्हा कळलं की हात देणारा हा पळून चाललेला कैदी आहे आणि बुडणारा त्याला धरायला आलेला शिपाई. कैद्याचं नाव डर्क विलेम्स, गाव नेदरलँड्समधलं आस्पेरेन. गुन्हा असा, की मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या घरात इतरांनाही घेऊ दिला. चिंध्यांचा दोर वळून तो तुरुंगातून उतरला. कैदेतल्या अन्नावर वाळलेला असल्यामुळे पातळ बर्फानं त्याचा भार सोसला, मागच्याचा सोसला नाही. डर्क परत फिरला, त्यानं त्याला ओढून काढलं आणि तिथेच पकडला गेला. १६ मे १५६९ रोजी त्याला जाळलं. ते चित्र यान लाउकन यांनी कोरलेलं, १६८५ सालचं.

तो परत का फिरला, हे अकरा वर्षांच्या मला समजेना. त्या एका प्रश्नामागे पुढची सगळी पुस्तकं आली.

विशीत मी हुतात्म्यांच्या मागे होतो. नंतर बरीच वर्षं छळणाऱ्यांच्या. दिवसा माणसाला चाकावर ताणणारा संध्याकाळी घरी जाऊन पोराला मांडीवर कसा घेत असेल, हे कळून घ्यायचं होतं. गेली पंधरा वर्षं मात्र मला तिसरीच माणसं बोलावतात. जी मेली नाहीत आणि ज्यांनी कुणाला मारलंही नाही. मान खाली घातली, सांगितलं तिथे सही केली, घरी गेली. कुठलाही छळ घ्या, संख्येनं तीच सर्वांत जास्त, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं सर्वांत कमी.

मला या वाटेला लावणारा कागद इ. स. २५० चा आहे. रोमन सम्राट डेसियस यानं हुकूम काढला की साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या मातीत असे चाळीसवर दाखले पपायरसवर टिकून राहिलेत. मजकूर जवळपास एकच: मी आजवर देवांना बळी देत आलो आहे, आताही हुकुमाप्रमाणे तुमच्या समक्ष मद्य वाहिलं, बळी दिला आणि त्यातलं चाखलं, तरी तसा शेरा मिळावा. खाली पाहणाऱ्यांच्या सह्या आणि तारीख. ठरीव नमुना, फक्त नाव, गाव, वय वेगळं. कुणाच्या अंगावरची जखमेची खूणसुद्धा नोंदलेली. जन्मभर असल्याच कागदांवर टिकमार्क करत आलेल्या माणसाच्या पोटात ते बघून काय झालं असेल, तुम्ही समजून घ्या. यातला एक दाखला पेतेसुखोस या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. देवाच्या सेवेतल्या बाईलाही, मी देवाला मानते, असं सरकारदरबारी लिहून द्यावं लागलं.

ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी बळी दिला. काहींनी नुसता चिमूटभर धूप टाकला. काहींनी तेही केलं नाही, पैसे चारून नुसता दाखला मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन या तिन्ही प्रकारांना वेगवेगळी नावं देऊन त्यांच्या पापाचं वजन करत बसलेला दिसतो. हुकुमाची धार ओसरल्यावर ही माणसं दाराशी परत आली आणि त्यांना आत घ्यावं की नाही यावरून चर्चमध्ये फूट पडली. स्वतः सिप्रियन त्या वर्षी लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल ऐकावे लागले होते. आठ वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, त्याच सिप्रियननं शिरच्छेद पत्करला. २५० चा सिप्रियन आणि २५८ चा सिप्रियन यांतला खरा कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी दोन्ही म्हणेन.

आणखी एक यादी सांगतो आणि थांबतो. १९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं किर्टा शहर. सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमानं ग्रंथ जप्त करायला नगराधिकारी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या घरी पोचतो. कारकून पंचनामा लिहितो: सोन्याचे पेले २, चांदीचे ६, मग दिवे वगैरे, आणि मग बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७. ग्रंथ कुठे आहेत विचारल्यावर उत्तर मिळतं, वाचकांकडे, म्हणजे प्रार्थनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांकडे. वाचकांची घरं दाखवा म्हटल्यावर दोघं म्हणतात, आम्ही फितूर नाही, हवं तर मारून टाका. त्यांना अटक होते. त्यांच्यामागून इतरांची घरं दाखवणारे निघतातच, आणि एकेका घरातून ग्रंथ बाहेर येतात.

सत्तेचाळीस जोडे. मी त्या आकड्यापाशी दर वेळी अडतो.

तुम्हांला या मधल्या माणसांबद्दल काय वाटतं? वाचलेलं असेल ते सांगा.

निरंजना

धागा दोनदा वाचला. जपानी भाषांतराचं काम केल्यामुळे तुमच्या दाखल्यांचा एक भाऊ मला माहीत आहे, तो म्हणजे फुमि-ए. येशूची किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावायचं. नागासाकी भागात १६२९ च्या सुमारास हे सुरू झालं आणि पुढे दर वर्षी नववर्षाच्या दिवसांत ठरलेलं काम होऊन बसलं. थेट १८५० च्या दशकापर्यंत. दोनशेवर वर्षं! काही पितळी फुमि-ए संग्रहालयांत आहेत. चेहऱ्याची नाकडोळ्यांची उठावदार रेघ पायांनी झिजून गुळगुळीत झालेली.

ती झीज कोणाच्या पायांची? बहुतेक बौद्ध शेजाऱ्यांची, ज्यांना त्या प्रतिमेचं काहीच नव्हतं. पण त्यांत लपलेल्या ख्रिश्चनांचेही पाय होते. ते पाय द्यायचे, घरी यायचे आणि 'कोन्चिरिसान' ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. पाद्री नाही म्हणजे कबुलीजबाब नाही, आणि क्षमा मिळवायची दुसरी वाटच नाही. म्हणून ती एक प्रार्थना पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काम बाजूला ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले होते.

१७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे दहापंधरा लोक आले. चर्च परदेशी लोकांसाठी नुकतंच बांधलेलं. प्रार्थनेत असलेल्या पाद्री पेतिजाँजवळ एक बाई हळूच येऊन म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

दोनशेवर वर्षं पाय देत आलेल्यांचे हे वंशज. त्यांच्या आज्यापणज्यांनी पाय दिला नसता तर विचारायला कोणी उरलंच नसतं. म्हणून वाकलेल्यांना कमी लेखवत नाही मला.

तर्ककठोर

लेख आवडला, पण दोन ठिकाणी अडखळलो.

पहिलं, डेसियसचा हुकूम हा धर्मछळ म्हणावा का? तुम्हीच मगरदेवाच्या पुजारणीचं उदाहरण दिलंत. तिलाही दाखला लागला, म्हणजे रोख ख्रिस्ती लोकांवर नसून राजनिष्ठेवर होता. साम्राज्य डळमळीत झालं होतं, सगळ्यांनी एकदा एका देवघरापुढे उभं राहावं एवढंच त्याला हवं असेल. आपण पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे त्याला छळ म्हणतो.

दुसरं, या विषयात आकडे फार सैल फिरतात. चेटकिणी म्हणून ९० लाख बायका जाळल्या, असं अजून लोक छातीठोक सांगतात. मी शोधलं. १७८४ मध्ये फोग्ट नावाच्या जर्मन गृहस्थानं क्वेडलिनबुर्ग या एका गावाच्या नोंदींवरून त्रैराशिक मांडून सगळ्या युरोपाचा, कित्येक शतकांचा आकडा काढला. आजचे अभ्यासक ४० ते ५० हजारांच्या आसपास मानतात. तेवढेही भयंकरच आहेत. मग फुगवायचे कशाला?

जुनी रोजकीर्द

तर्ककठोर, आकड्यांबद्दल शंभर टक्के तुमच्याबरोबर. फुगवलेला आकडा मेलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय करतो, कारण तो एकदा खोटा ठरला की ऐकणारा खऱ्यालाही खोटं समजतो. स्पॅनिश इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचंच बघा. तिचा माजी सचिव योरेंते यानं एकोणिसाव्या शतकात ३० हजारांवर माणसं जाळल्याचं लिहिलं. नंतर कोणीतरी प्रत्यक्ष खटल्यांची वार्षिक टिपणं मोजली: १५४० ते १७०० या काळातले ४४,६७४ खटले, त्यांत प्रत्यक्ष मृत्युदंड अंमलात आलेले सुमारे ८२६. हा आकडा घेऊन आता काही जण म्हणतात, बघा, सगळा कांगावा होता. पण १४८० नंतरची पहिली पन्नास वर्षं, म्हणजे धर्मांतरित ज्यूंवरची सर्वांत रक्ताळलेली, या मोजणीत नाहीतच. आणि उरलेल्या जवळजवळ ४४ हजारांचं काय? सांबेनितो म्हणजे गुन्हेगाराला घालायला लावलेला झगा. तो नंतर त्याच्याच गावच्या चर्चमध्ये नावानिशी टांगायचे. कापड कुजलं की नवीन करून पुन्हा टांगायचे. नातवंडं-पतवंडं दर रविवारी त्याखालून जायची. हे मरणाच्या रकान्यात कुठे लिहाल?

डेसियसच्या हेतूबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य होण्याच्या जवळ आहे. पण माझ्या डोक्यात छळाची व्याख्या हुकूम काढणाऱ्याच्या हेतूवर उभी नाही, समोर उभ्या केलेल्या माणसाला काय सोडावं लागतं यावर आहे. पुजारणीला दाखल्यासाठी चार पावलं चालावी लागली. ख्रिस्ती विणकराला स्वतःला सोडून यावं लागलं. हुकूम एकच, किंमत वेगळी.

प्लिनी या रोमन सुभेदारानं साधारण ११२ साली सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र आणि त्याचं उत्तर जरूर वाचा. प्लिनी विचारतो, ख्रिस्ती ही नुसती उपाधीच गुन्हा, की त्या नावाखाली केलेली कृत्यं? सम्राट म्हणतो, शोधून काढू नका, निनावी तक्रार घेऊ नका, पण पुढे आलेच आणि देवाला नमस्कार करायला नकार दिला तर शिक्षा करा; केला तर मागचं सगळं माफ. खुन्याला असं कोणी सांगतं का, की मी खुनी नाही असं म्हण आणि जा? इथे मात्र तेवढ्यावर सोडत होते. गुन्हा कृत्यात नव्हताच.

कागदखुणा

अभिलेखागारात काम करते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

धागाकर्त्यांना जी माणसं भेटतात ती बहुतेक छळणाऱ्याच्या लेखणीतून भेटतात, हे विसरता येत नाही. माझं आवडतं दप्तर झाक फूर्निए या बिशपचं. दक्षिण फ्रान्समधलं पामिए, काळ १३१८ ते १३२५. कॅथार या चर्चनं पाखंड ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाचा शेवटचा धागा उसवायला तो बसला होता. ३७० दिवस, ५७८ जबान्या. माणसं बोलली ऑक्सिटान बोलीत, कारकुनानं उतरवलं लॅटिनमध्ये, आणि मग ते आरोपीला पुन्हा त्याच्या बोलीत वाचून दाखवलं. म्हणजे आपल्यापर्यंत येईतो तो शब्द किती वेळा कपडे बदलून आला! तरीही मोंतायू या छोट्या गावातला मेंढपाळ प्येर मोरी, वाडीची मालकीण राहिलेली बेआत्रिस द प्लानिसोल, कोणाचं कोणावर प्रेम होतं, कोण कोणाच्या उवा वेचत कुठल्या दारात बसलं होतं, हे सगळं त्यात आहे. बेआत्रिसच्या सामानात नातवांच्या वाळवलेल्या नाळा सापडल्या. तिनं सांगितलं, नाळ जवळ असली तर कोर्टातला दावा जिंकता येतो म्हणून कोणी तरी सांगितलं होतं. तिला वर्षभर कैद झाली आणि मग कपड्यांवर पिवळे क्रूस लावून सोडलं.

मला या दप्तरातली सर्वांत अवघड गोष्ट ही वाटते, की फूर्निए चांगला श्रोता होता. घाई नाही, मारझोड क्वचित. तो विचारत राहतो आणि माणूस उलगडत जातो. त्याच्या चिकाटीमुळेच ती माणसं आज आपल्याला कळतात, आणि त्याच चिकाटीमुळे ती अडकली. पुढे १३३४ मध्ये तो पोप झाला, बारावा बेनेडिक्ट. दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिलं ते त्यामुळेच.

त्याच्या सगळ्या खटल्यांत फक्त पाच जण जाळले गेले. त्यांतले चार वाल्डेन्सियन, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेल्या आणखी एका ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्यापैकी रेमों द ला कोत हा विद्वान, सौम्य माणूस. अडला कुठे? शपथ घेणार नाही म्हणाला. येशूनं शपथ घेऊ नका म्हटलंय, म्हणून खरं सांगेन पण शपथेवर नाही. रोजकीर्दकाका, तुमच्या धूपाच्या चिमटीच्या पंक्तीत ही शपथसुद्धा बसेल.

शांतसावली

विषयाचं गांभीर्य कळतं, तरी एक विचारू? इतकी वर्षं हे सगळं वाचून मनावर काय होतं? मला या धाग्यातलं निम्मंच झेपलं. आणि कधी कधी अशा वाचनात दुसऱ्याच्या यातनांची गोडी लागते असंही वाटतं. तुमच्यावर आरोप नाही, खरंच विचारते आहे.

जुनी रोजकीर्द

शांतसावलीताई, हा प्रश्न मला घरूनही आला आहे, आणि तो रास्त आहे.

एक काळ असा होता की मी यातना-यंत्रांची वर्णनं वाचायचो. आता ती पानं उलटून जातो. त्यात कळण्यासारखं काही उरलं नाही हे एक, आणि तुम्ही म्हणता तशी गोडी लागू शकते हे मला माझ्यातच दिसलं होतं हे दुसरं. तेव्हापासून स्वतःला एक नियम घातला. ज्याचं मरण वाचायचं त्याचं निदान एक जिवंतपणीचं पान वाचायचं. अँटवर्पच्या माएकेन वेन्सला १५७३ मध्ये जाळलं, बोलू नये म्हणून जिभेला स्क्रू लावून. हे सगळेच सांगतात. तिनं तुरुंगातून घरी लिहिलेली पत्रं आहेत, ती मी आधी वाचतो. जाळलं त्या दिवशी तिचा पंधरा वर्षांचा मुलगा धाकट्या भावाला हातात धरून बघायला गेला, पण बघवेना आणि तो बेशुद्ध पडला. सगळं आटोपल्यावर शुद्धीवर येऊन त्यानं राखेत तो स्क्रू शोधला आणि जपून ठेवला.

मनावर काय होतं, तर माणसं भेटल्यासारखी वाटतात. याहून नेमकं सांगता येत नाही.

दूरचा दिवा

वाकावं की नाही, हा प्रश्न त्या त्या समाजातल्या जाणत्यांना लोकांनी विचारलेला आहे आणि त्यांची उत्तरंही आहेत. ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

बाराव्या शतकात मोरोक्को-स्पेनमध्ये अल्मोहाद सत्तेनं ज्यूंना इस्लामचा कलमा म्हणायला लावला. एका रब्बीनं फतवा दिला की असा कलमा म्हणणारा ज्यू उरलाच नाही, त्याच्या गुपचूप प्रार्थनेलाही अर्थ नाही. ज्यू विचारवंत मायमोनिडीस यावर अक्षरशः खवळला. त्याचं पत्र ११६५ च्या आसपासचं. तो म्हणतो, इथे नुसते शब्द मागितले जातायत, कृती नाही, तेव्हा शब्द बोला आणि जिवंत राहा. पण तिथे राहू नका, जिथे आपला धर्म पाळता येईल तिथे निघून जा. स्वतः त्यानंही तेच केलं.

तीनशे चाळीस वर्षांनी, १५०४ मध्ये, पारडं उलटलेलं. आता स्पेनमध्ये मुसलमानांना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं जातंय, आणि ओरानहून एका मुफ्तीचं उत्तर येतं. वाचताना गळा दाटतो इतकं ते बारकाव्यानं लिहिलंय. नमाज पढता येत नसेल तर नुसत्या खुणेनं पढा. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी घेता येत नसेल तर भिंतीला हात पुसल्यासारखं करा. दारू पाजलीच तर प्या, मनात तिचा हेतू धरू नका. पैगंबरांना शिव्या द्यायला लावलं आणि ते लोक नाव 'ममद' असं उच्चारत असतील, तर तुम्ही मनात दुसरा कोणी 'ममद' धरून द्या. हे पत्र पुढे शंभर वर्षं हस्तलिखितांतून फिरत राहिलं. १६०९ ते १६१४ मध्ये त्या सगळ्या समाजालाच, साधारण तीन लाख माणसांना, देशाबाहेर काढलं. आणि १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएर्रा गावात एक जुनं घर पाडताना खोट्या तळजमिनीखाली त्यांचे ग्रंथ निघाले, स्पॅनिश भाषा पण अरबी लिपी.

याच्या उलट टोकाला प्रोटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिन. फ्रान्समध्ये राहून वरवर कॅथलिक प्रार्थनाविधीला (मास) जाणाऱ्या आपल्याच अनुयायांना त्यानं १५४४ मध्ये झोडपून काढलं. रात्री येशूला भेटायला येणारा निकोदेमस, तसे तुम्ही, म्हणाला. तो स्वतः जिनिव्हात सुरक्षित होता, हे मला त्याच्या बाबतीत विसरता येत नाही. त्याच जिनिव्हात नऊ वर्षांनी मिखाएल सेर्व्हेटसला पाखंडी म्हणून जाळलं. त्यावर सेबास्टियन कास्टेलियोनं लिहिलं, माणसाला मारणं म्हणजे मताचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणं आहे.

आडवाट

दूरचा दिवा, +१. 'ममद'वाला भाग वाचून थबकलो.

गार्सिया द ओर्ता राहिला की! या धाग्याचा खरा मानकरी तो. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आईबापांचा पोर्तुगीज मुलगा, वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आला, वरकरणी ख्रिस्ती. १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा वनस्पती-औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. इन्क्विझिशन तिथे १५६० मध्येच येऊन बसलं होतं. १५६८ मध्ये तो मेला, मानमरातबानं. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीनाला जाळलं. आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. आयुष्यभर नीट वाकलेला माणूस, त्याला मेल्यावर बारा वर्षांनी पकडलं.

आपल्या भाषेतलं उदाहरण थोडं वेगळ्या जातीचं आहे. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. बाहेरच्यांची भीती किती आणि ग्रंथाचं पावित्र्य राखायची ओढ किती, यावर मतभेद आहेत, त्यामुळे त्याला छळाचा पुरावा म्हणून दामटणार नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्या उलगडेपर्यंत मराठीतला सर्वांत जुना गद्य ठेवा मराठी वाचणाऱ्यांनाच वाचता येत नव्हता, हे मात्र खरं.

तर्ककठोर

पुन्हा आलो. निरंजनाताईंचं पटतंय, पण न वाकणाऱ्यांची बाजू कोणी तरी घ्यायला हवी.

नाझी छावण्यांत जांभळा त्रिकोण लावलेले कैदी असत, यहोवाचे साक्षीदार. ज्यूंना सुटकेचा कोणताच कागद नव्हता. यांना होता. एक छापील प्रतिज्ञापत्र: मी ही शिकवण खोटी मानून सोडतो, या लोकांशी संबंध ठेवणार नाही, कोणी प्रचार करताना दिसला तर कळवीन. सही करा आणि सुटकेची वाट मोकळी. तुमच्या २५० च्या दाखल्याचा सख्खा वंशज. फारच थोड्यांनी सही केली. रोज सकाळी दार उघडं आहे हे माहीत असून आत राहायचं, हे मला फासावर जाण्यापेक्षा कठीण वाटतं. आणि त्या कागदातली शेवटची अट बघा, दुसऱ्याला पकडून द्यायची. तिथे सही करणाऱ्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजणार होता. पाय देऊन घरी जाऊन प्रार्थना करणं निराळं आणि हे निराळं.

जुनी रोजकीर्द

तर्ककठोर, हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. किर्टाच्या पंचनाम्यातही रेघ तिथेच आहे. घरं दाखवायला नकार देणाऱ्या त्या दोघांनी ग्रंथ वाचवले नाहीत, ग्रंथ गेलेच. त्यांनी वाचवायला बघितली ती दुसऱ्यांची घरं. मी इतकी वर्षं वाकलेल्यांना एकाच ढिगात ठेवत होतो, आता तो ढीग निवडावा लागेल.

निरंजना

रोजकीर्दकाका, एक राहून गेलं. तुमच्या पहिल्या चित्रातल्या बुडणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं?

जुनी रोजकीर्द

त्याचं नाव नोंदलेलं नाही. वृत्तान्तात एवढंच आहे की बर्फातून बाहेर आल्यावर तो डर्कला सोडून द्यायला तयार होता. काठावर नगराध्यक्ष उभा होता. तो ओरडला, तू घेतलेली शपथ आठव. मग त्यानं डर्कला धरलं.

जाळलं त्या दिवशी जोराचा पूर्ववारा होता, त्यामुळे ज्वाळा डर्कच्या वरच्या अंगापासून दूर जात राहिल्या आणि मरायला फार वेळ लागला. शेजारच्या लेअरडाम गावात लोकांनी त्याचा आवाज ऐकला, सत्तराहून जास्त वेळा, 'हे प्रभो, हे देवा' असा. तो शिपाई त्या वेळी कुठे उभा होता, हे कोणी लिहिलेलं नाही. लाउकनच्या चित्रात त्याचा चेहरा वर, डर्ककडे वळलेला आहे. अकराव्या वर्षी मी डर्ककडे बघत होतो. आता चित्र उघडलं की नजर आधी पाण्याकडे जाते.